सारांश कोणी लिहायचा?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत घरोघर पेढे वाटले जातात. ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्या घरातील मुलगी इंग्रजीत साठ-सत्तर गुण मिळवून उत्तीर्ण होते, ही निश्चितच अभिमानाची बाब आहे. परंतु पुढे पदवीच्या प्रथम वर्षात अर्थशास्त्राचे, कायद्याचे किंवा इतिहासाचे एक इंग्रजी प्रकरण तिच्यापुढे येते आणि ती थबकते. शब्दकोश हाताशी असतो, एकेका शब्दाचा अर्थही सापडतो. लेखकाचे म्हणणे मात्र हाती लागत नाही. अशी किती मुले पहिल्या वर्षानंतर मुकाट्याने मागे पडतात, याची चर्चा आपल्या सत्कार समारंभांत होत नाही. ती या स्मरणिकेत व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

अभ्यासक्रमात काही नाही, असे म्हणता येणार नाही. अकरावी-बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात उताऱ्याची टिपणे काढणे, सारांश लिहिणे, आपल्या शैक्षणिक उद्दिष्टांचे निवेदन तयार करणे असे घटक आहेत. हेतू चांगलाच आहे. परंतु ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून वर्ग चालतो, तेव्हा सारांशाचा साचा फळ्यावर लिहून दिला जातो आणि टिपणांचा तक्ता मार्गदर्शिकेतून उतरवून घेतला जातो. विद्यार्थी उत्तर शिकतो. वाचायला शिकत नाही. आता तर मोबाइलवर उतारा टाकला की क्षणार्धात सारांश तयार होऊन येतो. म्हणूनच मूळ प्रश्न अधिक तीव्र झाला आहे : सारांश कोणी लिहायचा? जो समाज शतकानुशतके इतरांनी लिहिलेल्या ग्रंथांत वर्णिला गेला, त्याने आपले वाचन पुन्हा दुसऱ्याच्या हाती सोपवायचे काय?

ज्ञानक्षेत्रातील लेखन कसे वाचावे आणि कसे लिहावे, याचा सर्वोत्तम वस्तुपाठ आपल्या घरातच आहे. आपल्या रे रोडहून परळ पायी तासाभराच्याही आत येते. तेथील बी. आय. टी. चाळीत राहून ज्यांनी अभ्यास केला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये प्रसिद्ध झाला.

या निबंधातील निष्कर्ष आपण भाषणांतून ऐकलेले असतात. त्याची रचना मात्र क्वचितच पाहिली जाते. बाबासाहेब प्रथम विषय किती गुंतागुंतीचा आहे हे सांगतात. नंतर सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या जातीविषयक व्याख्या एकेक करून समोर ठेवतात. प्रत्येकात काय ग्राह्य आहे, काय अपुरे आहे हे तपासतात. यांतील केतकर म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोश सिद्ध करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांच्याविषयी बाबासाहेब आदराने लिहितात, पण आदर म्हणून सूट देत नाहीत. जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहाला बंदी, अशी जी दोन लक्षणे केतकरांनी वेगळी मानली, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे ते दाखवून देतात. त्यातून जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मर्म असल्याचे सूत्र हाती येते. त्याच सूत्राने सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा उलगडा होतो. आणि शेवटी ते म्हणतात की, आपले प्रतिपादन अंतिम नाही. ते चुकीचे ठरल्यास सोडून देण्याची आपली तयारी आहे.

आधीच्या अभ्यासकांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडणे, त्यातील उणीव पुराव्यानिशी दाखवणे, आपले सूत्र सांगणे, ते उदाहरणांवर लावून पाहणे आणि खंडनासाठी दार उघडे ठेवणे, अशी ही पद्धत आहे. ती फक्त परदेशी विद्यापीठातच शिकता येते असे नाही. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेदांवर आमचा अधिकार नाही असे तुम्ही म्हणता, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने त्यात केला. प्रतिपक्षाचेच विधान घेऊन त्याला त्याच्या परिणामापर्यंत नेणे, हा युक्तिवाद तिने मराठीत आणि शालेय वयात केला. मग अकरावीच्या मुलांना हे झेपणार नाही, असे आपण कशाच्या आधारावर ठरवतो?

आमच्या दारूखान्यात जुनी जहाजे तोडली जातात. कामगार पत्रा, पितळ, तार आणि लाकूड वेगवेगळे करतो. कोणता भाग कशाला जोडलेला होता हे त्याला ठाऊक असते. इंग्रजी परिच्छेदही असाच सुटा करायला शिकवता येतो. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘ऑल्दो’, ‘अनलेस’ हे शब्द म्हणजे त्याचे सांधे. हे शब्द ओलांडून वाचणारा विद्यार्थी अनेकदा लेखकाने खोडलेले मतच लेखकाचे मत समजतो. प्रत्येक परिच्छेदाला चार प्रश्न विचारावेत. लेखक काय म्हणतो? कशावरून म्हणतो? कोणाला उत्तर देतो? काय सांगायचे राहून गेले? ही चार उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहिली की सारांश आपोआप उभा राहतो.

इतिहास शिकवताना आणखी एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. विद्वत्तेच्या इंग्रजीत कर्मणी प्रयोग आणि भाववाचक नामे फार. त्यांत कर्ता दिसेनासा होतो. ‘१९१० मध्ये रे रोडपर्यंत हार्बर मार्ग सुरू करण्यात आला’ हे वाक्य पाहा. स्थानकाला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव आहे. रूळ टाकणारे आणि माती वाहणारे हात वाक्यात कोठेच नाहीत. ‘त्यांना पाणी नाकारण्यात आले’ असे जेव्हा पुस्तकात येते, तेव्हा ‘कोणी नाकारले?’ असे विचारणारा विद्यार्थी केवळ व्याकरण शिकत नाही. तो इतिहास वाचायला शिकतो.

काही पालक म्हणतात, आधी मुलांना इंग्रजी बोलता येऊ द्या. त्यांची निकड खरी आहे. मुलाखतीच्या दारात अडखळणे फार महाग पडते. परंतु बोलण्याच्या इंग्रजीने दार उघडले, तरी आत गेल्यावर करारनामा, न्यायालयाचा निकाल, शासनाचा अहवाल आणि संशोधनाचा ग्रंथ वाचावाच लागतो. काही शिक्षक म्हणतात, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे व्याकरणच कच्चे असते. व्याकरण पक्के करावेच, पण तोवर विचार थांबवून ठेवू नये. उताऱ्यावरची चर्चा खुशाल मराठीत होऊ द्यावी, लेखन मग इंग्रजीत करावे. ‘मूकनायक’साठी मराठीत आणि विद्यापीठांसाठी इंग्रजीत लिहिणाऱ्या बाबासाहेबांना या दोन भाषांत वैर दिसले नव्हते.

मतभेदाची भीती हाही एक अडथळा आहे. पुस्तकातले खोडायचे नाही, गुरुजींना विरोध करायचा नाही, हे आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात बाबासाहेबांनी केन्स यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाच्या मताचा प्रतिवाद केला. त्या ग्रंथाला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि शिष्याची अनेक मते आपल्याला मान्य नाहीत हे कॅनन यांनी त्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. असहमती आणि आदर एकाच पानावर नांदू शकतात, हे आपल्या वर्गांत दिसायला हवे. आपल्या धम्मालाही ते परके नाही. केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपण वंदनेनंतर सांगतो. तो इंग्रजीच्या तासालाही लागू आहे.

निवासी शाळेला यात एक मोठी अनुकूलता आहे. येथे संध्याकाळ मुलांच्या हातात असते. शिकवणीच्या प्रवासात आणि घरातल्या गोंगाटात ती हरवत नाही. म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. अकरावीच्या वर्गाने पंधरा दिवसांतून एकदा सामूहिक वाचन करावे. सुरुवात ‘कास्ट्स इन इंडिया’च्या पहिल्या काही पानांनी व्हावी, एका बैठकीत एकच परिच्छेद घेतला तरी चालेल. प्रत्येक विद्यार्थ्याने त्याचा सारांश स्वतःच्या इंग्रजीत, चुकतमाकत का होईना, लिहावा आणि दुसऱ्याचे वाक्य घेतले तर ते कोणाचे हे नमूद करावे. शिक्षकांनी लाल शाईने केवळ स्पेलिंग न तपासता ‘हे कशावरून?’ एवढे समासात लिहावे. वकील, अभियंते, परिचारिका, बँक कर्मचारी झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील चार रविवार एखाद्या विद्यार्थ्याजवळ बसून वाचावे. देणगीची पावती फाडण्यापेक्षा हे अवघड आहे, पण त्याची शाळेला अधिक गरज आहे. पालकांनी गुणपत्रिकेबरोबर एकदा तरी मुलीची वही उघडावी आणि ‘यात तुझे म्हणणे कोणते?’ असे तिला विचारावे. त्यासाठी पालकाला इंग्रजी यावेच लागते असे नाही.

बाबासाहेबांचे बहुतेक मोठे ग्रंथ, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’सह, मूळ इंग्रजीत आहेत. आज आपण ते अनुवादातून, व्याख्यानांतून आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या दोन-दोन ओळींतून जाणतो. त्या ओळींपैकी किती खरोखर त्यांच्या आहेत, हे तपासण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी मूळ ग्रंथ वाचण्याची ताकद आहे त्याच्याकडेच असते. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीकडे ते सामर्थ्य असावे, एवढीच अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!