वेग वाढला, दार उघडे राहिले

अनसिंगपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या या गावात पावसाळ्यात चर्चा असते ती सोयाबीनवरच्या अळीची, तुरीची आणि फवारणीला माणूस मिळेल की नाही याची. शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश युद्धनौकांच्या तोफांचा इथे काय संबंध, असे कोणी विचारले तर एका शब्दात सांगता येईल: घाई. पण त्याआधी त्या तोफा चालत कशा, हे समजून घ्यायला हवे.

१९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका पाण्यात उतरली. बारा इंच व्यासाच्या दहा तोफा, प्रत्येक गोळा साधारण ३८५ किलोचा. पुढच्या दहा वर्षांत तोफा आणखी मोठ्या झाल्या आणि लढाईचे अंतर बारा-चौदा किलोमीटरवर गेले. इतक्या लांब गोळा पोहोचायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी पंचवीस सागरी मैलांनी पळणारे शत्रूचे जहाज सुमारे तीनशे मीटर पुढे सरकलेले असते, म्हणजे स्वतःच्या लांबीहूनही जास्त. धावती एसटी पकडणारा माणूस एसटी आता जिथे आहे तिकडे पळत नाही, ती पुढे जिथे येणार तिकडे पळतो. तोफेचेही तसेच. फरक एवढाच, की इथे पळणाराही हलत्या, डोलत्या जहाजावर उभा.

यासाठी जी यंत्रे तयार झाली ती आजच्या संगणकाची पूर्वज म्हणावीत अशी आहेत. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीचे अंतरमापक शत्रूच्या जहाजाची दोन अर्धी चित्रे दाखवी. ती जुळली की अंतर कळे. ड्यूमेरिक नावाचे उपकरण दोन्ही जहाजांची दिशा आणि वेग घेऊन अंतर मिनिटाला किती वाढते वा घटते ते सांगे. फ्रेडरिक ड्रेयर या नौदल अधिकाऱ्याच्या टेबलावर हे सारे कागदावर उमटत जाई. आर्थर पोलन नावाच्या नागरी संशोधकाचे यंत्र याहून सरस होते की नाही, यावर अभ्यासक अजून भांडतात. पर्सी स्कॉट यांनी आग्रहाने आणलेली 'डायरेक्टर' पद्धत मात्र निर्विवाद उपयोगी ठरली. त्यात डोलकाठीवर उंच बसलेला एकच माणूस नेम धरी आणि सगळ्या तोफा एकदम उडवी. १९१२ च्या चाचणीत ही पद्धत बसवलेल्या 'थंडरर'ने 'ओरायन'ला नेमबाजीत सपशेल मागे टाकले.

इतके करूनही ३१ मे १९१६ रोजी जुटलंडच्या लढाईत दोन्ही बाजूंच्या मोठ्या तोफांच्या शंभर गोळ्यांपैकी जेमतेम तीन लागले. धूर, धुके आणि चुकीचे मोजलेले अंतर. यंत्रात जे घालाल तेच बाहेर येणार, हे तेव्हाही खरे होते.

नेम चुकतो तर काय करायचे? सराव वाढवायचा, हे सरळ उत्तर. पण ब्रिटिशांच्या वेगवान बॅटलक्रूझर जहाजांचा तळ रोसाइथला होता आणि तिथे लांब पल्ल्याच्या सरावाला पुरेशी सोय नव्हती. मग दुसरा मार्ग निघाला: भराभर उडवा, त्यातले काही तरी लागतीलच. भराभर उडवायचे तर दारू तोफेजवळ तयार हवी. रेशमी पिशव्यांत भरलेली कॉर्डाइट दारू कोठारातून आधीच बाहेर काढून वाटेत रचली जाऊ लागली, डब्यांची झाकणे आधीच उघडली जाऊ लागली. कोठाराची दारे उघडीच राहू लागली, कारण दर वेळी उघडझाप करण्यात सेकंद जात होते.

या दारांना किंमत किती, ते जुटलंडला कळले. 'इन्डिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' ही तीन जहाजे एका दुपार-संध्याकाळी स्फोटाने फुटली. ३,३०० हून अधिक माणसे गेली. चिलखत पातळ होते आणि ब्रिटिश कॉर्डाइट भडक स्वभावाची होती, हेही खरे. पण त्याच दुपारी 'लायन' या जहाजाच्या मधल्या बुरुजावरही गोळा पडला, आतली माणसे मेली, आग खाली उतरली, तरी जहाज वाचले. प्राणघातक जखमी झालेल्या मेजर फ्रान्सिस हार्वी यांनी दारूकोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो योग्यच होता.

कमी ऐकू येते ते अलेक्झांडर ग्रँट यांचे नाव. हे 'लायन'वरचे मुख्य गनर. १९१५ मध्ये जहाजावर आल्यावर त्यांनी दारूची मांडणी पाहिली आणि जुनी शिस्त परत आणली: कोठाराचे एका वेळी एकच दार वापरायचे, गरजेपुरतीच दारू बाहेर काढायची, झाकण शेवटच्या क्षणी उघडायचे. तोफांचा वेग यामुळे मंदावेल ही भीती होती. ग्रँट यांनी तसे होत नाही हे दाखवून दिले. पातळ चिलखताचे दुखणे 'लायन'लाही होते. तिथे वेगळी होती ती ही शिस्त.

बरोबर शंभर वर्षांनी, ३१ मे २०१६ च्या पहाटे, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि १९ जण गेले. त्यांत आग विझवायला धावलेले होते. तारीख हा योगायोग, कारणेही वेगळी: तिथे स्फोटक पाझरू लागलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे बोट दाखवले गेले. पण धोकादायक वस्तू सवयीची झाली की तिच्याकडे बघण्याची नजर मरते, हे तिथेही होतेच.

आणि फवारणीत तर रोजच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. दोष मजुरांच्या अज्ञानाला देणे सोपे होते, आणि तो दिलाही गेला. पण मजुरी अनेकदा पंपांच्या हिशेबाने ठरते. जितके पंप जास्त, तितके पैसे जास्त. अशा हिशेबात मास्क घालणे, वाऱ्याची दिशा पाहणे, औषध सांडले तर लगेच कपडे बदलून साबणाने अंग धुणे, या सगळ्यात फक्त सेकंद जातात. 'क्वीन मेरी'वरच्या गनरला बक्षीस वेगाचेच होते, दार लावण्याचे नव्हते. पंप मारणाऱ्याला वेगळे काय आहे?

नुसते हातमोजे वाटून हे सुटणार नाही. उकाड्यात, चिखलात प्लॅस्टिकचा पोशाख कोणी दिवसभर घालत नाही, आणि वाटणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. अनसिंगसारख्या गावात शेतकरी आणि मजूर मिळून करता येण्यासारखे काम वेगळे आहे. फवारणीची मजुरी पंपावर न ठरवता रोजावर ठरवावी आणि अंघोळीचा, पंप धुण्याचा वेळ त्यातच धरावा. मिश्रण कालवणारा माणूस एकच असावा आणि त्याने बाटलीवरचा त्रिकोण व प्रमाण वाचलेले असावे. फवारणीनंतर घाम, लाळ, उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले तर रात्र काढू नये. बाटलीसकट दवाखाना गाठावा, कारण ऑर्गनोफॉस्फेट विषावर ॲट्रोपिन वेळेत मिळाले तरच उपयोग. आणि वारा फिरला म्हणून दुपारी पंप खाली ठेवणाऱ्या मजुराचा अर्धा रोज कापला जाऊ नये.