शांत यंत्र

घरातील यंत्र बिघडले की माणसे आधी गुन्हेगार शोधतात, कारण मागाहून. हा दोष आमच्या अंगी इतरांपेक्षा थोडा अधिकच असावा. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत वर्षानुवर्षे बसले की निकाल आधी देण्याची सवय जडते. गेल्या मे महिन्यात आमच्या घरी जे घडले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात यंत्राविषयी थोडी माहिती आहे आणि आमची फजितीही.

आमचे धाकटे चिरंजीव येथेच इंदुरात ॲनिमेशनचे शिक्षण घेतात. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून आम्ही त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदाराने त्यास 'गेमिंग लॅपटॉप' म्हटले, तेव्हाच आमच्या मनात पाल चुकचुकली. खेळांना जे वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते तेच या अभ्यासालाही लागते, असे चिरंजीवांनी समजावून सांगितले. आम्ही मान डोलावली; संशय मात्र गेला नाही.

आणि एके दिवशी त्या यंत्राची गती अकस्मात मंदावली. ज्या खेळात सेकंदाला ७०-८० चित्रे उमटत, तेथे जेमतेम ३० उमटू लागली. जे दृश्य तासाभरात तयार होई, त्यास दोन तास पुरेनात. परीक्षेचे काम सादर करण्यास ८ दिवस उरले होते. आम्ही लगोलग निकाल दिला, "रात्रंदिवस खेळून यंत्राची वाट लावलीस!" मुलाने उलट उत्तर केले नाही. निमूटपणे सारे खेळ काढून टाकले. गती तसूभरही वाढली नाही. घरातले बोलणे तेवढे कमी झाले.

अखेर सौभाग्यवतींनी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलावून घेतले. तो आता संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याने पिशवीतून हत्यारे काढण्याआधी एक प्रश्न विचारला, "सर, हे हळूहळू झाले की एका दिवसात?"

या प्रश्नाचे मर्म त्यानेच उलगडले. यंत्र महिनोन्‌महिने मंदावत गेले असेल, तर बहुधा पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असते किंवा प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा लेप सुकलेला असतो. तापमान ९५ ते १०० अंशांजवळ पोहोचले की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती उतरवितो. पण धूळ काही एका रात्रीत साचत नाही. एका दिवसात बिघडले असेल, तर त्या दिवशी काय बदलले ते शोधावे.

मग त्याने क्रमाने तपासणी आरंभिली. काम चालू ठेवून तापमान पाहिले. ते ६० अंशांच्या आसपास, म्हणजे उष्णतेचा प्रश्न नव्हता. टास्क मॅनेजर उघडला. पाठीमागे गुपचूप चालणारे, गती खाणारे दुसरे काम आढळले नाही. चार्जर मूळचा १८० वॅटचाच होता. त्याजागी कोणी ६५ वॅटचा लावला, तर बॅटरी भरताना दिसते, परंतु जड कामास वीज अपुरी पडते. ग्राफिक्सचा ड्रायव्हरही त्या आठवड्यात बदललेला नव्हता. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा," तो मुलाला म्हणाला. "चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही."

एवढ्यात त्याने कान टवकारले. "सर, इतके काम चालू आहे आणि पंख्याचा आवाज कसा नाही?"

आम्ही अभिमानाने सांगितले, "त्याची व्यवस्था आम्हीच केली. रात्री या यंत्रावर लेख लिहिताना फार घरघर होई. एक कळ दाबली, तेव्हापासून शांत आहे."

खोलीतही शांतता पसरली. अशा लॅपटॉपमध्ये शांत, मध्यम आणि वेगवान असे तीन प्रकार दिलेले असतात. शांत प्रकारात केवळ पंखा मंदावत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना मिळणारी वीजही मर्यादित होते, कारण पंखा मंद असताना अधिक उष्णता बाहेर टाकता येत नाही. ती निवड पुढेही तशीच राहिली. मुलाने तिला कधी हात लावलेला नव्हता, म्हणून तेथे पाहण्याचे त्याला सुचले नाही.

विद्यार्थ्याने कळ दाबली. पंखा घोंगावू लागला आणि दृश्य पूर्वीप्रमाणे तासात तयार झाले. मजुरी घेण्यास तो तयार होईना. चहा घेऊन गेला. काम मुदतीच्या एक दिवस आधी सादर झाले.

चूक आमचीच होती, हे आम्ही मुलास बोलून दाखविले. वडिलांच्या तोंडून हे वाक्य निघण्यास यंत्राच्या दुरुस्तीहून अधिक वेळ लागला, हेही कबूल केले पाहिजे. तो एवढेच म्हणाला, "बाबा, लिहायला बसाल तेव्हा शांत ठेवा. उठताना मात्र आठवणीने बदला."

उभ्या नोकरीत आम्ही शांत वर्ग तो चांगला वर्ग असे मानीत आलो. ज्या वर्गातून आवाज येत नाही तेथे काम चालले आहे की थांबले आहे, हे आता आत जाऊन पाहावे म्हणतो. आणि काही बिघडलेच, तर "कोणी केले?" या प्रश्नाआधी "काल काय बदलले?" हे विचारावे, आणि त्या उत्तरात प्रथम आपलेच नाव शोधावे.