साडेआठशेचा हट्ट

कार्बोरेटर जितका मोठा तितकी गाडी जोरदार, हा समज अमेरिकेतल्या जुन्या मसल कारच्या शौकिनांमध्ये अजूनही पक्का आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनाचं जेवढं नुकसान या समजाने होतं, तेवढं हलक्या सुट्या भागांनीही होत नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मग हा विषय माझ्याकडे कुठून आला? आमच्या अब्बांचं गॅरेज होतं. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरचे कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुऊन देण्यात माझ्या कित्येक सुट्ट्या गेल्या. आणि आता आपाचा मुलगा मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला राहतो. फोर्डच्या गावात राहून या पठ्ठ्याने गाडी घेतली ती शेवरोलेची, 1970 ची नोव्हा एसएस. तिचं 350 घनइंचाचं इंजिन त्याने दोन वर्षांच्या बचतीतून पुन्हा बांधलं: नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवा कॅमशाफ्ट. मूळ कार्बोरेटर गाडीबरोबर आलाच नव्हता. त्या जागी त्याला 850 सीएफएमचा डबल पंपर हवा आहे. मी म्हणते 600. "खाला, सगळे मोठाच लावतात," हा त्याचा मुद्दा.

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा आत जाऊ शकते त्याचं माप. इंजिनाला किती हवा लागते, हे शाळेतल्या गणिताने निघतं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, आणि एका घनफुटात 1728 घनइंच असतात. म्हणून घनइंचांना मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि 3456 ने भागायचं. भाच्याचा कॅम साधा, रस्त्यावरचा आहे. 5500 फेऱ्यांच्या पुढे तो ताकद देत नाही. 350 गुणिले 5500 भागिले 3456, उत्तर 557. तेही सिलिंडर शंभर टक्के भरतात असं धरून. रस्त्यावरच्या साध्या इंजिनात भरण 85 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे गरज 475 च्या आतच. 600 मध्ये ही गरज भागून वर शिल्लक राहते. पिस्टन तीस हजारांश इंच मोठे बसवल्याने इंजिन 355 चं झालंय, हा त्याचा दुसरा युक्तिवाद. त्याने उत्तरात आठाचा फरक पडतो.

जास्त असलं तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही, हवा ते ओढून घेते. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब घटतो आणि त्या फरकामुळे पेट्रोल वर येऊन त्याचे बारीक तुषार होतात. गळा रुंद केला की हवेचा वेग पडतो, ओढ कमी होते, तुषारांऐवजी थेंब होतात. सिग्नलला पाय दाबला की इंजिन एक क्षण आचके देतं. मग लोक जेट मोठे घालतात, पंपाचा मारा वाढवतात. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, आणि नव्या रिंगा अजून बसलेल्या नसताना हे सगळ्यात वाईट. दोन वर्षांची बचत तिथे घासली जाते.

उर्दूत जर्फ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ भांडं, आणि माणसाची पेलण्याची ताकदही. वर्गात तो समजावताना मला दरवेळी गॅरेज आठवतं.

डायनोवर मोठा कार्बोरेटर बऱ्याचदा जिंकतो, हे मी नाकारत नाही. 350 वर 750 लावून वरच्या फेऱ्यांना चार-सहा अश्वशक्ती जास्त मिळालेल्या दिसतात. पण डायनोवर थ्रॉटल पूर्ण उघडा असतो. भाचा गाडी नेणार ती वुडवर्ड अॅव्हेन्यूवर, एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत. त्याच्या 3.31 च्या मागच्या गिअरने ताशी 60 मैलांनाही इंजिन जेमतेम 2500 फेरे घेतं. गाडीचं आयुष्य जिथे जाणार, तिथलं माप घ्यावं.

यावर तो क्वाड्राजेटचं नाव काढतो. कंपनीने याच इंजिनावर रोचेस्टर क्वाड्राजेट दिला होता आणि तो तर 750 चा! बरोबर आहे, पण त्याच्या पुढच्या दोन नळ्या अगदी लहान असतात, आणि मागच्या मोठ्या नळ्यांवर एक झडप असते, जी इंजिन मागेल तेवढीच उघडते. डबल पंपरच्या मागच्या नळ्या पायाला तारेने बांधलेल्या. पाय दाबला की इंजिन तयार असो वा नसो, उघडल्या. हलकी गाडी, हाताचे गिअर आणि शर्यतीचा कॅम असेल तर तो शोभतो. भाच्याची गाडी ऑटोमॅटिक आहे. तिला व्हॅक्यूमने उघडणारा 600 च हवा. त्यात स्प्रिंग बदलून मागच्या नळ्या लवकर किंवा उशिरा उघडता येतात.

454 घनइंचाची शेव्हेल असती तर मीच 750 सांगितला असता. तिथे 5500 ला हिशोब 722 येतो. आणि दुकानात कुणी 500 चा दोन नळ्यांचा दाखवला तर फसू नये. दोन नळ्यांचे 3 इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात, चार नळ्यांचे दीड इंचावर. चारच्या मापाने तो 500 जेमतेम 354 भरतो.

घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. त्याच्या कॅमचे टॅपेट सपाट, जुन्या धाटणीचे आहेत. असं इंजिन पहिल्यांदा लगेच सुरू व्हावं लागतं आणि पहिली वीस मिनिटं 2000 फेऱ्यांच्या वर ठेवावं लागतं, नाहीतर कॅमच्या कडा झिजून जातात. स्टार्टर मारत बसायला आणि जेट बदलत बसायला तेव्हा वेळ नसतो. म्हणून 600 चा आधी बसव, फ्लोट बाऊल भरून घे, टायमिंग तपास आणि मगच किल्ली फिरव, असं मी त्याला काल रात्री लिहून पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.