चतुर्थीचा टीव्ही आणि बाजाराचे पंचांग

गोव्यात दूरचित्रवाणी संचाची खरेदी बहुतेक घरांत चतुर्थीशी बांधलेली असते. मूळ घरी सारे कुटुंब जमणार, पाहुण्यांची ये-जा होणार, तेव्हा जुना संच बदलण्याची चर्चा श्रावणात सुरू होते आणि माटोळीच्या बाजाराआधीच्या शनिवार-रविवारी म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या दुकानात तिची सांगता होते. या सवयीत भावनेचा भाग मोठा आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. मात्र गेल्या वर्षी तिची किंमत रुपयांत मोजता आली.

२०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याआधी बारा दिवस, स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात, पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत वस्तू व सेवा कराचे दर कमी होतील असे सूचित केले. कोणत्या वस्तूंवर आणि किती, हे ३ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेपर्यंत स्पष्ट नव्हते. अखेर ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नवा दर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाला. म्हणजे चतुर्थीला ४० हजारांना घेतलेला संच सव्वीस दिवसांनी, केवळ करापोटी, ३६ हजार ८७५ रुपयांना मिळायला हवा होता. कर दहा टक्क्यांनी घटला तरी ग्राहकाच्या किमतीत घट पावणेआठ टक्क्यांच्या आसपासच पडते, कारण कर मूळ किमतीवर लागतो. जाहिरातींनी हा भेद क्वचितच सांगितला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तर जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे. तेव्हा ‘जीएसटी कपातीमुळे स्वस्त’ म्हणून लहान संच पुढे केला गेला असेल, तर त्या घोषणेत तथ्य नव्हते.

करकपात दरवर्षी होत नाही. परंतु त्या प्रसंगाने उघड केलेली गोष्ट कायमची आहे. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या सवलती नवरात्राच्या सुमारास सुरू होतात. गेल्या वर्षी त्या २३ सप्टेंबरला सुरू झाल्या. चतुर्थी त्यांच्या तीन-चार आठवडे आधी येते. ज्या ग्राहकाला ठरलेल्या दिवशी संच घरी हवाच आहे, त्याच्याशी घासाघीस करण्याची विक्रेत्याला गरज पडत नाही. त्याला मिक्सर भेट मिळतो, वाढीव वॉरंटी मिळते, भाव मात्र फारसा हलत नाही. यात दुकानदाराचा दोष काढण्याचे कारण नाही; घाईतल्या गिऱ्हाइकाला कोणताही बाजार असाच वागवतो.

यंदाचे पंचांग या दृष्टीने वेगळे आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने पुढचे सण लांबले आहेत. चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. स्वातंत्र्यदिनाच्या सवलती आणि चतुर्थी यांत महिन्याचे अंतर पडते. चतुर्थीसाठीच संच हवा असेल तर १५ ऑगस्टच्या आसपासचा भाव पाहून ठेवणे त्यामुळे यंदा सहज शक्य आहे.

त्याहून लक्षवेधी काळ अधिक महिन्याचाच. या महिन्यात लग्ने थांबतात, अनेक घरे मोठी खरेदीही टाळतात, त्यात पावसाळा तोंडावर येतो. कंपन्यांची नवी मॉडेल्स साधारण उन्हाळ्यात बाजारात उतरत असतात आणि गोदामातले आदल्या वर्षीचे संच दुकानदाराला जागेसाठी हलवायचे असतात. दोन मॉडेलांतला फरक पुष्कळदा क्रमांकापुरता आणि एखाद्या सॉफ्टवेअर सुविधेपुरता असतो. पडदा तोच असतो. भावाची खरी सूट या जुन्या मालावर मिळते. ११ जूनपासून विश्वचषक फुटबॉल सुरू होणार असल्याने गोव्यात थोडी मागणी वाढेल हे खरे. पण सामने अमेरिका खंडात, आपल्याकडे रात्री-पहाटे, तेव्हा ही मागणी चतुर्थीच्या गर्दीची बरोबरी करील असे वाटत नाही.

‘थांबले की स्वस्तच होते’ हेही गृहीत धरता येत नाही. संचाच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा पडद्याच्या पॅनेलचा, आणि ते मुख्यतः चीनमधून येते. गेल्या डिसेंबरात रुपया डॉलरमागे ९० च्या पलीकडे घसरला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरी चिपही महागल्या. करकपातीने दिलेल्या सवलतीचा काही भाग या दोन्ही कारणांनी परत जाऊ शकतो. घरचा संच बंदच पडला असेल तर सणाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

बिनव्याजी हप्त्यांबाबतही सावध राहावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. आज ‘नो कॉस्ट’ म्हणून जे चालते, त्यात व्याज असतेच; तेवढी रक्कम विक्रेता सवलत म्हणून आधी वजा करतो. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाकडे राहतो, शिवाय अनेकदा प्रक्रिया शुल्कही. रोख घेणाऱ्याने तीच सवलत भावातून मागितली तर पुष्कळदा मिळते, पण ती मागावी लागते. छापील किमतीवरून काढलेल्या टक्क्यांचे तर काहीच मोल नाही, कारण त्या किमतीला टीव्ही सहसा विकला जात नाही. तुलना करायची ती त्याच मॉडेलच्या दोन-तीन ठिकाणच्या प्रत्यक्ष बिलाची, बसवणुकीच्या खर्चासह.

आणि पावसाआधी संच घेतला तर आणखी एक खर्च हिशेबात धरावा. विजेच्या दाबातील चढउतार किंवा वीज पडून झालेली हानी वॉरंटीत सहसा धरली जात नाही. गोव्यातल्या गावांत मान्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात हे दोन्ही प्रकार घडतात. कडकडाट सुरू झाला की संचाचा प्लग आणि केबलची जोडणी दोन्ही काढून ठेवायला हवी.