भट्टीवर निघण्याआधी

वाघबारस झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिवाळी लागते. खळ्यावर नवं भात येतं, चुलीवर करांदे उकडतात, तारपा वाजू लागतो. चार दिवस सगळं घर एका छपराखाली असतं. मग कर्ती माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि मागे उरतात म्हातारी माणसं. यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना आमचा जीव त्यांच्यापाशी घुटमळतो आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धनत्रयोदशीला, सत्तरी गाठलेल्या प्रत्येकासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू झालं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधीच्या आजाराची अडकाठी नाही. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. घर आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर ज्येष्ठांचे पाच लाख वेगळे.

पण हे कार्ड हातात पडणंच अवघड. मोखाड्याच्या एका सेवा केंद्रात पाहिलेली आजी आठवते. पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार आणि रेशनकार्ड काढलं. यंत्रावर अंगठा टेकवला, पुसला, पुन्हा टेकवला. आयुष्यभराच्या लावणी-कापणीत बोटांच्या रेषाच झिजलेल्या. ओटीपी मागवावा, तर नंबर मुलाचा. मुलगा कामावर, फोन बंद. आजीने कागद पुन्हा गुंडाळले आणि ती जीप पकडायला गेली.

म्हणून आमचं सांगणं आहे, या कार्डाच्या जोडीला खासगी पूरक विम्याचा विचार जरूर करा, पण आधी हक्काचं पदरात पाडून घ्या. मग उरलेली फट कुठे आहे ते पाहा. ही योजना दवाखान्यात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. रक्तदाबाच्या, साखरेच्या रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. त्यासाठी जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि गावाजवळचं आरोग्य केंद्र यांचीच वाट धरावी. घाट चढून नाशिकला न्यावं लागलं, तर सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. तो विमा सहसा भरून देत नाही. पाड्यावरच्या घराला विम्याच्या हप्त्यापेक्षा अशा खर्चासाठी गाठीशी ठेवलेली रक्कम अधिक उपयोगी.

निवृत्त शिक्षक, कर्मचारी यांच्या घरांना मात्र खासगी पॉलिसीचा विचार करता येईल. पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाही, हा अडसर २०२४मध्ये दूर झाला. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ठरावीक रकमेवरचा खर्च उचलणारी ‘सुपर टॉप-अप’ पॉलिसी तुलनेने स्वस्त पडते. पण सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: जुन्या आजारासाठी किती थांबावं लागेल? (३६ महिन्यांहून जास्त थांबवता येत नाही.) बिलातला किती वाटा आपल्याला भरावा लागेल? खोलीभाड्याला मर्यादा आहे का? नाशिकचं कोणतं रुग्णालय यादीत आहे? सरकारी कार्ड आणि ही पॉलिसी एकाच आजारपणात चालतील का, हे लेखी घ्यावं. जुने आजार लपवू नयेत. दावा अनेकदा तिथेच नाकारला जातो. आणि पॉलिसी पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते.

एक विनंती. या दिवाळीत एक दुपार आजी-आजोबांच्या त्या पिशवीसाठी राखून ठेवा. मुलगा घरी आहे, त्याचा फोन चालू आहे, रेशनकार्डावरची माणसं समोर आहेत. अंगठा उमटत नसेल, तर आयुष्मान अ‍ॅपवर चेहऱ्यावरूनही ओळख पटते. आशाताईंना हाक मारा. मग कुडाच्या भिंतीवर कोळशाने ठळक लिहून ठेवा: रुग्णवाहिकेसाठी १०८, आयुष्मानसाठी १४५५५.

भट्टीवर निघालेल्या पोराला रात्री झोप लागेल, ती या एका दुपारमुळे.



— संपादक