एका दांड्याची किंमत

साडेतीन वर्षं आमच्या हॉलमध्ये, बाल्कनीच्या दाराशेजारच्या भिंतीवर, एक यंत्र लटकत होतं. येणारा पाहुणा त्याला आधी बंदूक समजे, मग सायकलचा पंप समजे, आणि किंमत कळल्यावर तो मला काय समजे ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसे. हे केर काढायचं बिनवायरचं यंत्र. दुकानदार त्याला ‘कॉर्डलेस स्टिक व्हॅक्यूम क्लीनर’ म्हणतो. आमची आई त्याला ‘घोंगाट्या’ म्हणे. आणि ही म्हणे, ‘तुमचं ते’. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या वाचकांना या ‘तुमचं ते’चा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांनी थोडं थांबावं, कळेल.

या यंत्राविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. त्यातले दोन माझ्याविरुद्धही जातील, पण हिशोब म्हटला की जमेबरोबर नावेची बाजूही लिहावीच लागते. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे.

आता हे यंत्र घरात आलं कसं ते सांगतो. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या मावशींचं येणं बंद झालं. बँका मात्र चालू होत्या. आम्ही आळीपाळीने, एक दिवसाआड जात होतो. ही शाळेत शिक्षिका. तिची शाळा सकाळी साडेसातला मोबाइलमध्ये भरू लागली. साडेसातला इयत्ता सातवी एका हातात आणि केरसुणी दुसऱ्या हातात हे काही जमेना. तेव्हा तिने फक्त एवढंच म्हटलं, “अहो, तुम्ही घरी असाल त्या दिवशी केर तुम्ही काढा.” विनंती अगदी साधी होती. साडेपाचशे चौरस फुटांचं घर, त्यात केर तो किती असणार?

पहिल्या दिवशी मी केर काढला आणि घरातल्यांना बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी काढला, पण दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी पलंगाखालून केरसुणी फिरवताना कंबरेत असा काही चमका निघाला, की मी तिथेच, पलंगाखाली अर्धा आणि बाहेर अर्धा, शिल्लक राहिलो. चिरंजीवांनी पाय धरून ओढून काढलं. चौथ्या दिवशी मी पलंगावर पडल्या पडल्या मोबाइलवर संशोधन सुरू केलं आणि सामानाची घरपोच ने-आण पुन्हा सुरू होताच जूनमध्ये यंत्र दारात हजर झालं. किंमत २४,९९० रुपये. त्यात १८ टक्के जीएसटीचे ३,८१२ रुपये. (हाच कर २०१७ साली २८ टक्के होता, जुलै २०१८ मध्ये खाली आला. म्हणजे मी तसा स्वस्ताईतच घेतलं, असं मी हिला दोनदा सांगून पाहिलं.)

यंत्राचे गुण आधी सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस रागावून लिहितोय. गाद्यांवरून ते फिरवलं तेव्हा पारदर्शक डब्यात जे जमलं ते पाहून आम्ही दोन रात्री सतरंजीवर झोपलो. पंख्याची पाती, खिडकीची खाच, कपाटाचा माथा इथे त्याला तोड नाही. झाडूने बारीक धूळ जात नाही, नुसती उडते, आणि आपण चहा घेईपर्यंत पुन्हा टीव्हीवर येऊन बसते. यंत्र ती गिळतं. ज्यात ‘हेपा’ गाळणी असते ते तर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतं. इतकी कडक गाळणी मी आयुष्यात फक्त कर्जाच्या अर्जांना लागलेली पाहिली आहे. शिवाय आईने एक धार्मिक सवलत शोधून काढली. दिवेलागणीला केर काढू नये, लक्ष्मी बाहेर जाते, हा तिचा नियम. पण घोंगाट्याचा केर डब्यातच राहतो, म्हणजे लक्ष्मी घरातच, तेव्हा चालेल! त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणली तसं या यंत्रालाही हळदकुंकू लागलं. त्यातलं कुंकू त्याने पाडव्याला स्वतःच ओढून घेतलं.

गुण संपले.

कंपनी म्हणते, एकदा चार्ज केलं की साठ मिनिटं चालतं. चालतं. पण ते सर्वांत कमी जोरावर, पुढचा फिरता ब्रश न लावता. म्हणजे साठ मिनिटं ते नुसतं उसासे टाकतं. गालिच्यावर जोर लावला की आठव्या मिनिटाला दिवा लाल. बैठकीच्या खोलीत सुरुवात करावी आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर यंत्राने राम म्हणावा. मग चार तास चार्जिंग. आमच्या घरात दुपारी दोनपर्यंत अर्धं घर विसाव्या शतकात आणि अर्धं एकविसाव्या शतकात असे. त्यातून घोडा बोटाने सतत दाबून धरायचा. घरातल्या लांब केसांच्या दोन्ही व्यक्तींचे केस ब्रशला असे गुंडाळले जायचे, की दर रविवारी मी कात्री घेऊन न्हाव्याच्या मुद्रेने बाल्कनीत बसे. आणि यंत्र चालवण्याआधी जमिनीवरच्या चपला, वायरी, वर्तमानपत्रं उचलावी लागतात, म्हणजे केर काढण्याआधी घर आवरावं लागतं. केरसुणीला अशी पूर्वअट कधी नव्हती. ती चपलांनाच बाजूला सारते.

पण हे सगळं किरकोळ. माझा खरा आक्षेप दांड्याला आहे.

या यंत्राचा इतिहास चाळला तर मोठी गंमत आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअराने धूळ ओढून घेणारं यंत्र काढलं. ते एवढं अगडबंब, की घोडागाडीवर लादून रस्त्यात उभं करायचे आणि नळ्या खिडक्यांतून घरात सोडायचे. १९०२ च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले. हे झालं साहेबाचं यंत्र. पण हातात धरता येईल असं यंत्र कुणी केलं? अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँगलर नावाच्या माणसाने. त्याला दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. त्याने पंख्याची मोटार, लाकडी खोकं आणि उशीचा अभ्रा जमवला आणि त्याला झाडूचा दांडा लावला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे ते हूव्हर नावाच्या चामड्याच्या वस्तूंच्या कारखानदाराने विकत घेतलं आणि पुढची कीर्तीही हूव्हरलाच मिळाली. पण मुद्दा तो नाही. जो स्वतः झाडत होता त्याला ते सुचलं, आणि त्याच्या झाडूला दांडा होता, हा मुद्दा आहे.

आमच्या झाडूला दांडा कुठे आहे? शिंदीची केरसुणी घ्या, फुलझाडू घ्या, हिरांचा खराटा घ्या. हातभर लांबी, की कंबरेतून काटकोनात वाका, नाहीतर उकिडवे बसून बेडकासारखे सरका. आपल्याला दांड्याचा शोध लागला नव्हता म्हणावं तर तसंही नाही. नगरपालिकेचे कामगार पहाटे रस्ता झाडतात त्यांच्या खराट्याला लांब बांबू असतो. पंख्यावरची जळमटं काढायच्या झाडूला दांडा असतो. तो दांडा घराच्या जमिनीपर्यंत तेवढा उतरला नाही. का, तर घरातली जमीन कोण झाडतं? आई, सासू, सून, मुलगी, नाहीतर मावशी. त्यांना दांडा कशाला?

माझी आई चाळीत दोन खोल्या आणि समोरची गॅलरी दिवसातून दोनदा झाडायची. आज ती काठी टेकत चालते आणि चालताना जमिनीवर काहीतरी शोधत असल्यासारखी दिसते. डॉक्टर म्हणतात कॅल्शियम, ती म्हणते वय. केरसुणीचं नाव कुणी घेत नाही. हिची कंबर २०१४ पासून दुखते. त्यावर आम्ही मलम आणलं, शेकायची पिशवी आणली, एक पट्टा आणला. माझी कंबर तिसऱ्या दिवशी दुखली, त्यावर चोवीस हजार नऊशे नव्वद रुपयांचं यंत्र आणलं. वाचकहो, ‘तुमचं ते’ आता लक्षात आलं असेल.

दुसऱ्या मजल्यावरचे काका याला असहमत आहेत. वाकून केर काढणं हा स्त्रियांचा उत्तम व्यायाम होता, तो गेला म्हणून दुखणी वाढली, असं ते जिन्यात उभं राहून सांगतात. त्यांचं वजन लक्षात घेता या व्यायामाची गरज त्यांच्या घरात सर्वांत जास्त कुणाला आहे हे मी एकदा सुचवलं. तेव्हापासून ते लिफ्टने जातात.

टाळेबंदी उठली, मावशी परत आल्या. आता पुढचा प्रसंग लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहितो. एका रविवारी मी ताठ उभा राहून, एका हाताने, यंत्राने सोफा साफ करत होतो आणि दोन हातांवर त्याच खोलीत मावशी काटकोनात वाकून सोफ्याखालचा केर ओढत होत्या. त्या क्षणभर थांबून यंत्राकडे बघू लागल्या. आणि मी काय म्हणालो असेन? “मावशी, याला हात नका लावू हं, महाग आहे.”

त्या म्हणाल्या, “नाही दादा,” आणि परत वाकल्या. ही दारात उभी होती. ती काही बोलली नाही. दिवसभर बोलली नाही.

संध्याकाळी मी हार्डवेअरच्या दुकानातून साठ रुपयांचा बांबू आणला आणि सुतळीने फुलझाडूला बांधला. सोमवारी मावशींपुढे धरला. त्यांनी दोन हात मारून पाहिले. बांबू जड, गाठ सैल, झाडू मान टाके. पण त्यांची अडचण निराळीच होती. “तुमच्याकडं चालंल हो दादा. पण मला पाच घरं हायेत. उभ्यानं केर काढताना बघितलं तर समोरच्या आजी म्हणतील, हिला काम नको झालंय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाकल्याशिवाय काम केल्यासारखं दिसत नाही, हा नियम आमच्या बँकेतही आहे. साहेब केबिनबाहेर आला की आम्ही सगळे लेजर गेल्यावरसुद्धा टेबलावर वाकतो. पण आम्ही वाकतो ते तेवढ्यापुरतं.

शेवटी २०२३ च्या दिवाळीत यंत्राने मान टाकली. साठ मिनिटांची चाळीस, चाळिसाची बावीस, बाविसाची चार अशी त्याची श्वासमर्यादा घटत आली होतीच. आम्ही वाणिज्यवाले घसारा कागदावर लावतो, हे यंत्र तो स्वतःच स्वतःला लावून घेत होतं. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा भरली-रिकामी केली की थकते, हा तिचा धर्मच आहे. पण सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने मला सांगितलं, की नवी बॅटरी ७,५०० रुपये, तीही आली तर, कारण हे मॉडेल बंद झालं आहे. त्यापेक्षा नवं यंत्र घ्या. मी विचारलं, “मग जुन्याचं काय करू?” तो म्हणाला, “ई-कचऱ्यात द्या.” केर काढायला आणलेलं यंत्र स्वतःच केर झालं, आणि तेही असं, की घंटागाडीत टाकता येत नाही!

घरी येऊन मी हिशोब मांडला. साडेतीन वर्षांत ते २१२ वेळा चाललं, सरासरी पंधरा मिनिटं. म्हणजे ३,१८० मिनिटं. दर मिनिटाला ७ रुपये ८६ पैसे. मावशींचा दर इथे लिहीत नाही. काढून पाहिला होता.

हिशोबाचा कागद घेऊन मी बसलो होतो तेव्हा हिने ते यंत्र भिंतीवरून उतरवलं, खटका दाबून त्याचा मधला ॲल्युमिनियमचा पाइप सोडवला आणि हातात तोलून पाहिला. “हा हलका आहे,” ती म्हणाली. मग फुलझाडूच्या मुठीला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली आणि मूठ पाइपात ठोकून बसवली. घट्ट बसली. तिने उभ्या उभ्या हॉलचा केर काढला. सोफ्याखालचासुद्धा. घोडा दाबायला नको, दिवा लाल व्हायला नको.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तो वापरला. काम झाल्यावर त्या तो दारामागे ठेवीनात. हातात घेऊनच उभ्या राहिल्या.

“दादा, हा मी बाकीच्या घरी नेऊ का? सकाळी आणून देईन.”

“आणि समोरच्या आजी?”

“त्यांना सांगंन, मशीनचा हाये. पंचवीस हजारांचा. मग नाही कोण काय बोलायचं.”

मी पाइप त्यांना कायमचा देऊन टाकला. मोटार आणि डबा अजून भिंतीवर तसाच लटकतो आहे, ई-कचरावाला यायचा आहे. पाहुणे हल्ली त्याला केस वाळवायचं यंत्र समजतात, आणि माझ्या डोक्याकडे पाहून गप्प बसतात.