भाषेवांचून मैत्री
एव्हरेस्ट म्हटलें कीं वाचकांस १९५३ साल आठवतें. मला त्याआधींचा वसंत अधिक प्रिय आहे. स्विस गिर्यारोहक रेमाँ लांबेर व तेनसिंग यांनीं २७ मे १९५२ ची रात्र सुमारें ८,४०० मीटर उंचीवर, स्टोव्ह वा पांघरुणावांचून, एकमेकांचें अंग चोळीत काढली. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी मिळविलें. लांबेर यांच्या पायांचीं बोटें हिमदंशानें पूर्वींच गेलेलीं. उभयतांस समान असे शब्द मोजकेच! जन्मभर व्याकरण शिकविणाऱ्यास हें किंचित् खुपतें खरें. दुसरे दिवशीं शिखर सुमारें अडीचशें मीटर उरलें असतां दोघे मुकाट्यानें परतले. पुढील वर्षीं २९ मे रोजीं हिलरी यांसमवेत तेनसिंग माथ्यावर पोंचले, तेव्हां त्यांच्या गळ्यांत लांबेर यांनीं दिलेला तांबडा गळपट्टा होता.